दुसऱ्या गिअरचा कासरा

यंदाही बाभळींना कापूस लागला.

पांढरकवड्याहून मुकुटबनकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना या बाभळी वाकून उभ्या असतात. दिवाळी होते, वेचणीला जोर चढतो, आणि कापसानं शिगोशीग भरलेल्या गाड्या त्यांच्याखालून जायला लागतात. प्रत्येक गाडीकडून बाभळी आपला हिस्सा ओरबाडून घेतात. महिन्याभरात काट्याकाट्यावर पांढरे पुंजके दिसतात. बाहेरगावचा माणूस विचारतो, हे कोणतं फुलझाड? आम्ही गंभीर चेहऱ्यानं सांगतो, बाभूळच, पण आमच्याकडे तिला कापूस येतो. कापसाला भाव असो नसो, बाभळीचं पीक कधी बुडालेलं मी पाहिलं नाही.

गेल्या आठवड्यात त्याच रस्त्यानं मी माझी नवी गाडी घेऊन गेलो. या गाडीला क्लच नाही. मुलीचा आग्रह होता, "बाबा, गुडघा दुखतो म्हणता ना, मग आपोआप गिअर बदलणारीच घ्या." घेतली. आता माझा डावा पाय लग्नघरी लवकर येऊन पोचलेल्या पाहुण्यासारखा अवघडून बसलेला असतो. कुणी काही काम सांगेल म्हणून वाट पाहतो. कुणी सांगत नाही. डाव्या हाताचीही तीच गत. तो मधूनमधून मांडीवरून उठतो, हवेत काहीतरी चाचपतो आणि चोरी पकडल्यासारखा परत येतो.

गाडी चांगली आहे. पण माझ्याशी बोलत नाही. माझं जुनं मत असं, की गाडी कोणत्या गिअरात आहे हे काट्याकडे पाहून कळू नये, तळपायाला कळावं. चढ दिसल्यावर गिअर बदलतो तो चालक, आणि चढ यायच्या आधी बदलतो तो ड्रायव्हर. डिझेलचं इंजिन म्हणजे शेतकरी, पेट्रोलचं म्हणजे मास्तर. पहिलं उशिरा तापतं पण ओढतं, दुसरं लगेच तापतं आणि नुसता आवाज करतं. गाडी घेताना रंग पाहणाऱ्यानं सोयरीक जुळवायच्या भानगडीत पडू नये. अशी मतं माझ्याकडे पोतंभर आहेत. ही मतं मला सुचली तेव्हा माझ्याकडे गाडी नव्हती, एवढाच त्यांच्यातला दोष. एक स्कूटर होती. तिला सकाळी उजव्या अंगावर आडवी केल्याशिवाय ती जागी होत नसे.

मी तेव्हा मुकुटबनच्या अलीकडे जनावरांच्या सरकारी दवाखान्यात होतो. डॉक्टर नव्हतो, डॉक्टरांच्या हाताखालचा माणूस होतो. पण डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि उरलेले सहा दिवस गाव मलाच "डाक्टर" म्हणायचं. मीही ती चूक कधी दुरुस्त केली नाही. दवाखान्याच्या भिंतीवर गायीच्या चार कप्प्यांच्या पोटाचं चित्र होतं. शेजारी मी रद्दीतून मिळवलेल्या मासिकातलं गिअर बॉक्सचं चित्र चिकटवलं होतं. कुणी रवंथ बंद झालेली गाय घेऊन आला, की मी पहिल्या चित्रापासून सुरुवात करायचो आणि दुसऱ्यावर जाऊन थांबायचो. गाय घेऊन आलेला माणूस तासाभरानं क्लच प्लेट कशी घासते हे शिकून घरी जायचा. गायीचं काय व्हायचं ते गायच जाणे. बहुतेक वेळा ऐकून ऐकूनच ती बरी होत असावी.

ती वर्षं कापसाची वाईट होती. अळी बोंडात शिरायची आणि बोंड उघडलं की आत पिवळट, चिकट सरकी. जे हाती यायचं त्याला भाव नसायचा. त्या वर्षांत आमच्याकडे गाड्या मात्र फार आल्या. वह्यावाले, कॅमेरेवाले, पाहणी करणारे, पाहणी करणाऱ्यांची पाहणी करणारे. दवाखाना रस्त्यावर, म्हणून पत्ता मलाच विचारायचे. मी पत्ता सांगायचो आणि वर, "मागच्या डाव्या चाकात हवा कमी आहे साहेब," हेही सांगायचो.

एकदा शेजारच्या गावात एका घरचा कर्ता माणूस गेला. मीही गेलो होतो. अंगणाबाहेर पाहुण्यांची एक गाडी उभी होती. आमच्या भागात मी तशी पहिल्यांदाच पाहत होतो. पुढच्या चाकांवर ओढणारी. आत माणसं खाली माना घालून बसलेली, आणि मी बाहेर उकिडवा बसून त्या गाडीच्या पुढच्या चाकामागं डोकं घालून पाहत होतो. मागून आवाज आला.

"चांगली हाये का रे बावा, गाडी?"

त्या घरची म्हातारी होती. गेलेल्याची माय. तिच्या आवाजात टोमणा नव्हता. मी इतक्या मन लावून पाहत होतो, म्हणून तिनं आपुलकीनं विचारलं होतं. गाडीबद्दल मला काही मत नाही, असं माझ्या आयुष्यात त्या दिवशी पहिल्यांदा झालं. मी उभा राहिलो, हात पाठीमागे लपवले. हाताला धूळ लागली होती.

तर अशा दिवसांत थावराभाऊ माझ्याकडे आला.

थावराभाऊ आमच्या जवळच्या तांड्यावरचा. बोलायला कमी, पण जे बोलायचा ते मोजून. त्याच्या पूर्वजांनी शेकडो बैलांवर मीठ, धान्य लादून मुलूख तुडवला होता. ती लदेणी आगगाडी आल्यावर बंद पडली, हे तो असं सांगायचा की वाटावं गेल्या उन्हाळ्यातच बंद पडली. घरी थोडी कोरडवाहू जमीन, बायको सकरीबाई, तीन पोरं. दरवर्षी दिवाळी झाली की घराला कुलूप लावून सगळे ऊसतोडीला जायचे.

"डाक्टर, बळद इकले," तो म्हणाला. बळद म्हणजे बैल. त्यांच्या बोलीत.

मला माहीत होतं. त्या जोडीला मी तिच्या लहानपणापासून लस टोचली होती.

"आता जीप घेतो, जुनी. वेचणीच्या बाया नेईन-आणीन. बाजाराच्या दिवशी सवाऱ्या मारीन. यंदा ऊसतोडीले जात नाई. सकरी म्हणते, पोरायची शाळा दिवाळीले सुटते ते उन्हाळ्यालोक सुटूनच राह्यते. कायची शाळा मंग ते? बळद तुमी पाह्यले. आता गाडीबी तुमीच पाहा."

माझी छाती त्या दिवशी स्कूटरवर मावेना.

पांढरकवड्याला हमीदमिस्त्रीचं गॅरेज होतं. हमीदभाई इंजिनाला स्टेथोस्कोपसारखा लांब पेचकस, म्हणजे स्क्रू-ड्रायव्हर, लावायचा, दुसरं टोक कानाला, डोळे मिटलेले. मी त्याला गुरू मानायचो, म्हणजे त्याचं कधी ऐकायचो नाही. त्याच्याकडे विकाऊ दोन जीपा उभ्या होत्या. एक मळकी, दाराला दोरी, सुरू होताना दम्याच्या म्हाताऱ्यासारखी खोकणारी. दुसरी चकचकीत. आणि त्या दुसरीच्या गिअरच्या मुठीवर, देवा, पाचापर्यंत आकडे होते! मूळ मालकानं कुठूनसा पाच गिअरचा डबा आणून बसवला होता. त्या काळी आमच्या तालुक्यातल्या जीपगाड्या चार गिअरांवर सुखानं जगत होत्या.

"डॉक्टर साब, ये पुरानी का डब्बा मैंने अपने हाथ से खोल के बांधा है," हमीदभाई म्हणाला. "उसका नहीं खोला."

"हमीदभाई, पाचवा गिअर आहे त्याला!"

"है ना. पर मैंने खोला नहीं."

थावराभाऊ दोन्ही गाड्यांभोवती फिरला. चाकांना हात लावला. मग म्हणाला, "भरून चढावर नेऊन पाहू."

"भरून?"

"बळद घेतानी काय करतो आपुन? दात पाह्यतो, खूर पाह्यतो. मंग भरल्या बंडीले जुपून चढावर नेतो. रिकाम्या बंडीले तं कोणताबी बैल पळते."

हमीदभाईनं मान हलवली. "आदमी सही बोल रहा है, साब."

आता हे कुणाला कळायला हवं होतं? बैलांच्या दवाखान्यात नोकरी करणाऱ्याला. बाजारात बैल घेणारा माणूस मला सोबत न्यायचा, आणि मी त्याला पहिली गोष्ट हीच सांगायचो, भरून बघ. पण त्या दिवशी मी जनावरांचा माणूस नव्हतो. गाड्यांचा होतो. मी हसलो. नुसता हसलो नाही, थावराभाऊच्या खांद्यावर हात ठेवून हसलो.

"थावराभाऊ, गाडी म्हणजे बैल नाही!"

आणि आम्ही चकचकीत जीप रिकामी घेऊन हैदराबादच्या हायवेवर निघालो. सपाट, काळाभोर रस्ता. मी चालवत होतो. पहिला, दुसरा पटकन उरकले, जेवणाआधी चूळ भरावी तसे. तिसरा, चौथा, आणि मग तो पाचवा! इंजिनाचा आवाज एकदम खाली बसला. वारा कानात शिरला. बाजूनं ट्रक मागं पडत होते. मला वाटलं, आपण जन्मलो ते याचसाठी. मागून थावराभाऊचा आवाज आला. तो दोन्ही हातांनी टपाची दांडी धरून बसला होता.

"डाक्टर, हा पाचवा आपल्या रस्त्यानं कुठी पडन?"

यावर मी जे उत्तर दिलं ते आजही आठवलं की आंघोळ करताना मी मोठ्यानं खोकतो. मी म्हणालो, "थावराभाऊ, पाचवा गिअर टाकायसाठी नसतो. असायसाठी असतो."

त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला. बैलांच्या बाबतीत मी कधी चुकलो नव्हतो ना.

वेचणीच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे शेतात दहीभात ठेवतात. पहिल्या फुटलेल्या बोंडाला कुंकू लावतात, मग बाया कमरेला ओटी बांधून ओळीला लागतात. सकरीबाईनं तोच दहीभात जीपच्या चारी चाकांना ठेवला. मला पुढच्या सीटवर सन्मानानं बसवलं. मागे तांड्यावरच्या तेरा-चौदा बाया, त्यांच्या भाकरी, पाण्याच्या कळशा, आणि टपावर कापूस भरायच्या रिकाम्या पोत्यांचं एक मोठं गाठोडं. जीप गाऊ लागली, म्हणजे मागच्या बाया गाऊ लागल्या. मी थावराभाऊला इंजिनाविषयी काही मौलिक गोष्टी सांगत होतो.

नाला ओलांडला की बाभळींचा चढ लागतो. लांब नाही, पण अंगावर येणारा. थावराभाऊनं दुसरा टाकला. जीपनं अर्धा चढ घेतला. मग खट् असा आवाज झाला, गिअरची दांडी आपोआप मधे येऊन उभी राहिली, आणि इंजिन नुसतंच बोंबलायला लागलं. जीप थांबली. क्षणभर तिनं विचार केला. मग मागे निघाली.

"उतरा वो बायाहो!" थावराभाऊ ओरडला. ब्रेकवर तो अक्षरशः उभा होता. बाया पटापट उड्या मारून उतरल्या, दोघींनी चाकांमागे दगड लावले. कुणाला खरचटलंही नाही. कळशी तेवढी घरंगळत नाल्यापर्यंत गेली. पुन्हा दुसरा टाकला, पुन्हा खट्. पहिल्यात टाकला तर गाडी भरल्या पोटाच्या म्हशीसारखी डुलत, धूर सोडत चढली, आणि वर पोचेपर्यंत पाणी उकळलं. मी आतून "डबल क्लच मार, डबल क्लच!" असं ओरडत होतो. मी उतरलो नव्हतो, हे माझ्या नंतर लक्षात आलं. चौदा बाया उतरल्या होत्या आणि डाक्टर वर बसले होते.

एका म्हातारीनं जीपच्या बोनेटवर थाप मारली. "डाक्टर, हे तं बसकं जनावर घेतलं तुमी!"

भरल्या गाडीला जुंपलं की चढावर खाली बसतो, तो बसका बैल. त्याला मारून उपयोग नाही, पैसे देऊन कुणी नेत नाही. सगळ्या बाया हसल्या. थावराभाऊ हसला नाही. रागावलाही नाही. त्यानं फक्त दुसऱ्या गिअरकडे पाहिलं आणि मग रिकाम्या हातांकडे. बैल गेले होते. आता ही जीप गेली, तर उरलं काय? कुलूप, आणि ऊसतोडीचा ट्रक. तोडीची टोळी न्यायला आलेला मुकादम अजून तांड्यावर बसलेलाच होता.

हमीदभाईनं डबा उघडला. दुसऱ्या गिअरचे दात झिजून गोल झाले होते. भार पडला की घसरून बाहेर. त्यानं ते दातेरी चाक माझ्या तळहातावर ठेवलं. "साब, जनावर के दांत देख के उमर बताते हो. इसके भी दिखा देता, बोलते तो." दुसरं चाक या भागात मिळणार नव्हतं, कारण असला शहाणा डबा या भागात दुसऱ्या कुणी घेतला नव्हता. नागपूरला शोधावं लागणार, मिळालं तर संक्रांतीनंतर. त्यानं डबा तसाच बांधून दिला.

नंतरचे आठ दिवस मी तांड्याच्या रस्त्याला गेलो नाही. तांड्यातल्या एका म्हशीला ताप आला तर औषध दुसऱ्याच्या हाती पाठवलं. भिंतीवरचं गिअर बॉक्सचं चित्र काढलं. तिथला रंग वेगळा दिसायला लागला म्हणून परत लावलं. शेवटी एका सकाळी, आता काय शिव्या द्यायच्या त्या देऊ दे, म्हणून स्कूटर आडवी केली आणि निघालो.

चढाच्या पायथ्याशी पोचतो तोच मागून जीप आली. भरलेली. बाया गात होत्या. मी बाजूला झालो. जीपनं चढ धरला, दुसरा पडला, आता खट् होणार म्हणून मी डोळे बारीक केले. झालं नाही. जीप बाभळींना कापूस वाटत वर गेली.

वर जाऊन पाहिलं. गिअरच्या दांडीला बैलाचा कासरा बांधलेला होता. विकलेल्या जोडीचा. लाल-काळ्या सुताचा, मधे कवड्या ओवलेला. कासऱ्याचं दुसरं टोक शेजारी बसलेल्या सकरीबाईच्या मनगटाला दोन वेढे देऊन. दुसरा पडला की तिनं अंग मागं टाकून तो ताणून धरायचा, चढ संपेपर्यंत. मग ढील. एका जीपला दोन ड्रायव्हर.

"बसक्या बैलाले उठवाची रीत हाये हे," थावराभाऊ म्हणाला. "एकानं पुढून धराव लागते."

मी माफी मागायला आलो होतो. पण माफी मागायची सवय नसलेला माणूस मदत करायला लागतो. मी म्हणालो, "वहिनी, तुम्ही उतरा. आज मी धरतो."

सकरीबाई हसत मागे गेली. पुढच्या खेपेला मी कासरा मनगटाला गुंडाळला. आणि धरायचा नेमका क्षण कोणता, त्याचं शास्त्रीय कारण थावराभाऊला समजावून सांगत असतानाच तो क्षण येऊन गेला. खट्. बाया सवयीनं उतरल्या, दगड लागले.

"डाक्टर, तुमी नका बसू इथं," थावराभाऊ शांतपणे म्हणाला.

"का? जोर आहे माझ्या हातात."

"जोर हाये. पण तुमी बोलता. बोल्लं का आवाज आयकू येत नाई. दांडी निसटाच्या आंधी घर्रर करते. सकरीले ते आयकू येते."

झालं. रद्दीतल्या साऱ्या मासिकांनी मला जे सांगितलं नव्हतं ते एका वाक्यात सांगून तो गाडी पुसायला लागला. सकरीबाई कधी शाळेत गेली नव्हती, स्टिअरिंगला तिनं हात लावला नव्हता, आणि त्या रस्त्यावर तिच्याइतकी गाडी कुणाला कळत नव्हती. तिच्या मनगटावर त्या हंगामात कासऱ्याचा काळा वळ पडला. तो पाहिला की मी औषधाची पुडी द्यायचो, जनावरांची. तीही ती घ्यायची, मला बरं वाटावं म्हणून.

मुकादमाचा ट्रक त्या वर्षी त्यांच्या घराशी न थांबता गेला. वेचणी संपेपर्यंत जीप चालली. होळीच्या सुमारास मी तांड्यावरच्या शाळेजवळून जात होतो. आतून पाढे ऐकू येत होते. त्या आवाजांत थावराभाऊच्या धाकटीचा आवाज मला ओळखू आला, कारण ती सातचा पाढा सहापासून पुढं चुकवत होती. वर्षाच्या या महिन्यात तिथं बसून चुकायची तिची ही पहिलीच वेळ. मी स्कूटर बंद करून पूर्ण पाढा ऐकला.

नवं चाक पुढे नागपूरहून आलं, बसलंही. पाचवा गिअर माझ्यानंतर त्या जीपमध्ये कुणी टाकला असेल असं वाटत नाही.

हे सगळं आठवायला यंदा कारण झालं. गेल्या आठवड्यात माझी ही मुकी गाडी घेऊन नाल्यापाशी आलो, तर चढाच्या तोंडाशी थावराभाऊ आणि सकरीबाई उभे. दोघंही आता पिकले आहेत. सोबत पाच-सहा वेचणीच्या बाया, गाठोडी, आणि ज्या गाडीची ते वाट पाहत होते ती आलेली नव्हती.

"या, बसा," मी म्हणालो.

थावराभाऊ पुढे बसला. त्यानं मधल्या जागेकडे पाहिलं. "दांडी कुठी हाये?"

"लागत नाही. गिअर आपोआप पडतात." आणि मी सुरू झालो. चार दिवस पाठ केलेलं सारं, तेल कसं फिरतं, कॉम्प्युटर कसा ठरवतो. सकरीबाईनं मागून पुढे मान काढली.

"भरून पाह्यली का?"

खोटं कसं सांगू? शोरूमबाहेरच्या गुळगुळीत रस्त्यावर मी एकटाच चालवून पाहिली होती. एसी लावून.

"भरा मंग," मी म्हणालो.

मागच्या सीटवर चौघी, त्यांच्या मांडीवर दोघी, डिकीत गाठोडी, उरलेलं गाठोडं थावराभाऊच्या पायाशी. नव्या सीटना सरकी चिकटली. मुलीला काय सांगायचं याचा मी विचार केला नाही. गाडी चढाला लागली. आतून कुठूनतरी हलकासा हुंकार आला, मग सूर बदलला, खाली आला. तो मी याआधी ऐकला नव्हता. आरशात दिसलं, सकरीबाईनं पुढच्या सीटची पाठ घट्ट धरली होती आणि तिचं अंग किंचित मागे गेलं होतं. थावराभाऊनं डोळे मिटले होते. बाया गात नव्हत्या. बाभळी खिडकीवरून खरखरत गेल्या.

अर्ध्या चढावर सकरीबाई म्हणाली, "डाक्टर, आज बोलून नाई राह्यले?"

"आयकून राह्यलो," मी म्हणालो.